आमचे घरमालक, भूकंप आणि एक बेसिन

पायाखालच्या जमिनीवरसुद्धा विश्वास नसलेला एकच माणूस मला आजवर भेटला, आणि नेमकी त्याच्याच घरात माझी खोली होती. बाकीची माणसं सरकारवर विश्वास ठेवत नाहीत, जावयावर ठेवत नाहीत, हवामानाच्या अंदाजावर तर कुणीच ठेवत नाही. पण रात्री झोपलो ती जमीन सकाळी तिथंच असेल एवढं तरी धरून चालतात. आमचे घरमालक तेवढंही धरून चालत नसत. त्यांना मी काका म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी कोयनानगरला धरणाच्या प्रकल्पात फिटर म्हणून झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात घर बांधलं. कोयनेला लहानमोठे धक्के बसतच असतात. तिथली माणसं हातातला चहाचा कप जरा उचलून धरतात, धक्का गेला की बशीत ठेवतात आणि पुढचं बोलायला लागतात. काकांनी मात्र लहानपणी एकदा कप उचलला तो परत खाली ठेवलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

मी माण तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळं शहरातली घरं आतून कशी असतात हे मला फारसं ठाऊक नव्हतं. काकांचं घर बघून मला वाटलं, शहरात अशीच पद्धत असेल. त्या घरात भिंतीवर जवळजवळ काहीच नव्हतं. घड्याळ टेबलावर उताणं ठेवलेलं, त्यामुळं वेळ बघायची तर विहिरीत डोकावल्यासारखं वाकून बघावं लागे. देवांच्या तसबिरी जमिनीवर पाटावर, मागं उशी लावून. टीव्ही खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला. गॅसच्या सिलिंडरलाही दावं होतं. आमच्या घरी मेंढरं राखण्यात पिढ्या गेल्या, गाठी मारणं आम्हाला कळतं. पण त्या सिलिंडरला मारलेली गाठ बघून माझे वडीलही गप्प बसले असते. भिंतीवर फक्त एक कॅलेंडर होतं. त्याला परवानगी कशी मिळाली, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "कागद हाय त्यो. पडला तर पडू दे. कागदानं कुणी मेल्यालं ऐकलंयस व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारापाशी एका स्टीलच्या ताटात प्लास्टिकची रिकामी बाटली उलटी उभी केलेली असे आणि तिच्यात थोड्या गोट्या. हे काकांचं भूकंपमापक यंत्र. मी पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात खाली खळ्ळकन आवाज झाला. मागून काका काकूंचा हात धरून अंगणात पळत गेले आणि तिथून मला ओरडून म्हणाले, "ट्रंक टाक आन भायेर ये!" मी ट्रंक टाकली. त्या आवाजानं ते आणखी लांब, रस्त्यापर्यंत गेले. मग सगळं शांत झाल्यावर परत आले, बाटली तपासली, जिना तपासला आणि मला आपादमस्तक बघून म्हणाले, "वजन किती रं तुजं?" मी म्हणालो, "असेल पंचावन्न किलो." "मग पाय टाकतोस कसा? टेकवावा. आपटू न्हाई." तेव्हापासून मी त्या घरात चोरासारखा चढायला आणि उतरायला शिकलो. गणपतीत रस्त्यावरून डीजे गेला की बाटली पडायची ती पडायचीच, म्हणून विसर्जनाचा सगळा दिवस काका आणि काकू अंगणात खुर्च्या टाकून बसायचे. लोकांना वाटे मिरवणूक बघायला बसलेत.

दुसऱ्याच्या घरी गेले तरी काका आधी छताकडं बघायचे, मग यजमानाकडं. नमस्कार झाला की माळ्यावर काय काय ठेवलंय याची चौकशी, आणि मग दाराच्या चौकटीला लागून असेल ती खुर्ची. एकदा एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. हॉलला मोठं झुंबर होतं आणि त्याच्याखाली जेवणाची टेबलं. काकांनी अनोळखी माणसांची सगळी रांग ताटांसकट उठवून भिंतीकडं नेली. "जेवा, पोटभर जेवा, पण झुंबराखाली नगं," एवढंच ते म्हणत होते. गंमत म्हणजे माणसं उठलीही. त्यांच्या आवाजात काहीतरी असं असायचं की आधी उठावं आणि मग विचारावं असं वाटे.

ते स्वतः कसे वाचले ही गोष्ट त्यांनी ज्याला सांगितली नाही असा माणूस साताऱ्यात नसावा. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. पहाटे लघवीला उठून बाहेर गेले आणि मागं घर खाली आलं. ही गोष्ट ते दवाखान्यात सांगायचे, बँकेत सांगायचे, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ती पोह्यांबरोबर सांगितली होती. "मुतायला उठलो म्हणून आज तुमच्यासमोर हाय," असं म्हणून ते हसायचे आणि समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की रोज झोपताना दोन तांबे पाणी पिऊन झोपायचं. म्हणजे पहाटे उठावंच लागतं.

असं हे घर. त्याला लोखंड इतकं घातलं होतं की गवंडी त्याला किल्ला म्हणायचे. सगळं पुरं झालं होतं, वास्तुशांत होऊन दोन वर्षं झाली होती, फक्त खालच्या न्हाणीघरात बेसिन नव्हतं. भिंतीतून पाण्याच्या पाइपांची दोन तोंडं बाहेर आलेली होती आणि त्यांना प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याकडं अजून दगडावर बसूनच तोंड धुतात. पण काकूंचं तसं नव्हतं. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली होती, आणि खाली बसल्याशिवाय त्या घरात तोंड धुता येत नव्हतं. वेणी घालायची तर आणखी कठीण. भिंतीवर आरसा नाही, म्हणून त्या लग्न झाल्यापासून पिठाच्या डब्याला वीतभर आरसा टेकवून त्यासमोर जमिनीवर बसायच्या. आता बसता येईना. मग उभं राहून एका हातात आरसा धरायचा आणि दुसऱ्या हातानं होईल तेवढे केस गोळा करायचे. काकूंचे केस कमरेपर्यंत होते. एका हातात ते मावायचे नाहीत.

त्यांच्या पुण्यातल्या मुलीनं फोनवर सांगितलं, "आई, व्हॅनिटी बसवून घे. वर बेसिन, खाली कपाट, समोर मोठा आरसा." तो शब्द काकूंच्या मनात बसला. एकदा लसूण सोलताना त्या मला म्हणाल्या, "मला लय काय नगं रं बाळा. उभं ऱ्हाऊन त्वांड धुवावं, आन समोर आरसा असावा. एवढं केलं की मी कवाच काय मागणार न्हाई." मागण्याची त्यांना सवय नव्हती, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. त्यांनी ते वाक्य बरेच दिवस मनात तयार केलं असावं.

काकांनी ते ऐकलं आणि कामाला लागले. कामाला लागले म्हणजे माझ्या खोलीत आले. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. काकांच्या दृष्टीनं भौतिकशास्त्र म्हणजे वस्तू कशा पडतात याचं शास्त्र. "तुजा तर अभ्यासच हाय ह्यो," ते म्हणाले, "चल." मी म्हणालो की माझी प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आलीय. ते म्हणाले, "मग हेच प्रॅक्टिकल." मला नाही म्हणता आलं नाही. मला ते अजूनही येत नाही.

पहिलं दुकान साताऱ्यातच, रस्त्याकडेचं, काचेचं. आत गेल्यावर थंड वारा आला आणि मी चपला काढल्या. मग बाकीच्यांच्या पायात चपला बघून परत घातल्या. तिथल्या मॅडम फार उत्साही होत्या. "सर, हे बघा, वॉल-हंग व्हॅनिटी. भिंतीला लटकलेली असते. खाली फरशी मोकळी राहते, पुसायला सोपी."

"पडली तर?" काकांनी विचारलं.

"पडत नाही, सर."

"तुमी पाडून बघितलीय?"

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं विनोद आहे. काकांनी बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी बेसिनची कड पकडली आणि हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग आडवं, मग उभं. ती व्हॅनिटी खऱ्या भिंतीला नव्हती; प्लायवूडच्या पडद्याला होती, आणि त्याच पडद्यावर ओळीनं बाकीचे आरसे आणि बेसिनं लावलेली होती. सगळा पडदा डोलायला लागला. आरशांतले सगळे काका एकदम झुलायला लागले. एक खण आपोआप उघडून बाहेर आला, साबणाच्या वाट्या घसरल्या. "अहो सर! सर!" मॅडम ओरडत होत्या, आणि शेवटी शहरी बोलणं विसरून, "आवं आजोबा, सोडा की!" काकांनी सोडलं, आणि सोडल्याबरोबर सवयीप्रमाणं काकूंचा हात धरून त्यांना बाहेर रस्त्यावर ओढलं.

मला त्यातलं एकच नीट आठवतं. हे सगळं चालू होण्याआधी काकू बाजूच्या एका मोठ्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात वर, केसांकडं नेले होते आणि स्वतःकडं बघत होत्या, जरा अनोळखी माणसाकडं बघावं तशा. काकांनी ओढलं तेव्हा त्यांचे हात तसेच वर होते.

बाहेर आल्यावर काका खुशीत होते. "बघितलंस? नुसत्या हातानं ही गत."

"पण काका, ते तुम्हीच हलवलंत."

"मंग? धरणीमाय काय विचारून हलवती व्हय?"



त्यानंतर किती दुकानं झाली ते मला सांगता येणार नाही. पायावर उभी असलेली व्हॅनिटी बघितली, तिचे पाय बारीक होते. चाकांवरची एक होती, तिचं नाव काढलं तरी काका पाणी मागायचे. मी एकदा भीत भीत म्हणालो की गुरुत्वमध्य जेवढा खाली तेवढी वस्तू स्थिर, आणि ते वाक्य मला फार महागात पडलं. काका प्रत्येक दुकानात मला पुढं करून म्हणायचे, "ह्यांचा गुरुत्वमध्य कुठं हाय ते ह्याला दावा." दुकानदार माझ्याकडं बघायचे आणि मी फरशीकडं. पुढं पुढं असं झालं की आम्ही तिघं दारात दिसलो की दुकानदार काउंटरवरच्या वस्तू हातानं धरून उभे राहायचे. इकडं माझी प्रॅक्टिकलची वही तशीच पडून. वर खोलीत अभ्यासाला बसलो की खालून हाक यायची, आणि मला रडावंसं वाटायचं. काकूंना तर मी एकदा ओलं फडकं तोंडावरून फिरवताना बघितलं. बसता येत नव्हतं, म्हणून तोंड धुणं त्यांनी तेवढ्यावर आणलं होतं.

त्या दिवशी मला राग आला. मी काकूंना म्हणालो, "तुम्ही त्यांना सरळ सांगत का नाही? एक आरसा लावायला काय होतंय?" काकूंनी फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"ते भायेर गेलते म्हणून वाचले, एवढंच सांगत्यात ना तुला?" त्या म्हणाल्या. "सासूबाई आत व्हत्या. फळीवरचा तांब्याचा हंडा डोक्यात पडला. वाचल्या, पर डोकं गेलं. मी सून म्हणून आले तवा त्यांची येणीफणी मीच करायची. रोज इचारायच्या, तू कुणाची गं? आन ह्यांना म्हणायच्या, पाव्हणं, बसा. पोटच्या पोराला, व्हय. लय वरीस म्हणायच्या." मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनाच माझी दया आली असावी. "जा, आभ्यास कर जा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही कराडला गेलो. हायवेवरच्या दुकानात तेव्हा नवीन प्रकार आला होता: ओट्यावर नुसतं गोल भांडं ठेवल्यासारखं बेसिन, तेही तांब्याच्या रंगाचं. मी काकांकडं बघितलं. ते हलवायला पुढं झाले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मागं बांधले, त्या बेसिनकडं एकदाच बघितलं आणि बाहेर जाऊन टपरीवर चहा सांगितला. चहा घेताना ते आपली गोष्ट कुणालाच सांगत नव्हते, टपरीवाल्यालासुद्धा नाही. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बाकावर बसल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे बेसिन काही होत नाही. आणि दोघांपैकी कुणाचंच चुकत नाही, हे कळल्यामुळं तर जास्तच वाटलं.

शेवटचा प्रयत्न सांगलीचा. तिथं दुकानं मोठी आहेत, असं कुणीतरी काकांना सांगितलं होतं. एसटीनं गेलो. दुकानाचे मालक काकांच्याच वयाचे, गोल चेहऱ्याचे, बोलके. आत शिरताच काका थबकले. त्या दुकानात खाली काहीच नव्हतं. सगळ्या व्हॅनिटी भिंतींना, आणि त्याही इतक्या उंच की बेसिनमध्ये बघायला टाच उचलावी लागेल. टेबलाचे पायसुद्धा विटांवर चढवलेले.

"आवं, हे असं का टांगलंय समदं?" काकांनी डोक्यावर हात धरत विचारलं.

मालकांनी भिंतीवरची एक रेघ दाखवली. त्यांच्या छातीच्याही वर होती. "पाणी. हितवर आलंतं. तवापास्नं खाली कायबी ठेवत न्हाई बघा. खालचं पहिलं जातंय."

"आन वरचं पडतंय की!"

"पडू दे की. पडल्यालं उचलता येतंय, काका. भिजल्यालं फुगतंय."

"डोक्यात पडल्यावर काय उचलताय?"

"आन नाकात पाणी गेल्यावर काय पुसताय?"

दोघंही जागच्या जागी उभे राहून एकमेकांकडं बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. पण मालकांनी एक खुर्ची ओढली, दुसरी काकांना दिली आणि चहा सांगितला. मग जे सुरू झालं ते संपेना. काकांनी आपली पहाटेची गोष्ट सांगितली. मालक हसले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली. मग मालकांनी पुरात गच्चीवर चढवलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. पाणी यायला लागल्यावर ती मुकाट्यानं जिना चढली, पण पूर ओसरल्यावर काही केल्या उतरेना. "वर कडबा मिळतोय, वारं मिळतंय, कशाला उतरल ती?" मालक म्हणाले. काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. काकूही त्यांच्याकडं बघत होत्या.

मग वाद पुन्हा मुद्द्यावर आला. व्हॅनिटी खाली असावी की वर? दोघांनी माझ्याकडं तोंड केलं. "तू सांग रं," काका म्हणाले, "शिकल्याला हायस." मी घाबरत म्हणालो, "मला वाटतं… मधल्या उंचीवर ठेवली तर…" दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझी तिन्ही वर्षांची फी वाया गेल्यासारखी वाटली, दोनच वर्षं झाली होती तरी.

तेवढ्यात इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या काकू बोलल्या. "मला माज्या हाताच्या उंचीवर पायजे," त्या म्हणाल्या. "पाणी आलं तर येऊ दे आन जमीन हालली तर हालू दे. त्वांड मला रोज धुवायचं हाय."

मालकांनी कपातला उरलेला चहा उगाच ढवळला. काका काकूंच्या हातांकडं बघत राहिले. थोड्या वेळानं दोघं पुन्हा पुराविषयी बोलायला लागले, पण हळू आवाजात. आम्ही व्हॅनिटी न घेताच परत आलो. मालकांनी काकूंना भडंगाचा पुडा दिला. गाडीत तो काकूंच्या मांडीवर होता, आणि कराड येईपर्यंत कुणी फोडला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी गवंड्याला बोलावलं. काकूंना भिंतीपाशी उभं केलं, कोपरात हात वाकवायला सांगितला आणि त्या कोपराखाली पेन्सिलीनं खूण केली. मग त्या खुणेपर्यंत विटांचं बांधकाम उठवलं, पार जमिनीपासून, मध्ये लोखंड घालून. वर जाड कडप्पा, आणि त्यात पांढरं बेसिन गळ्यापर्यंत रोवलेलं. खाली कपाटाऐवजी विटांचे दोन कोनाडे, दारं नसलेले, कारण दारं उघडून अंगावर येतात. "ह्याच्यावर ट्रक चढंल, काका," गवंडी म्हणाला. "चढव," काका म्हणाले. पुण्यातल्या मुलीला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, ही समाधी कुणाची? पण पहिल्या सकाळी काकू त्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, नळ सोडला आणि ओंजळीनं इतका वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या की टाकी संपते की काय असं वाटलं.

त्याच सकाळी सामान न्यायला आलेल्या गवंड्यानं जाताना विचारलं, "आरशाला भोकं कुठं मारायची?" काका म्हणाले, "न्हाई मारायची." गवंडी काकूंकडं बघत थांबला. काकूंनी समोरच्या कोऱ्या टाइलकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी वेणी घालणंच सोडलं. केसांची नुसती गाठ मारायच्या आणि वर पदर घ्यायच्या. काका त्या गाठीकडं बघायचे आणि मग छताकडं. असे बरेच दिवस गेले. जेवताना त्या घरात फक्त ताटांचा आवाज यायचा.

मग एका सकाळी मी ब्रश घेऊन खाली आलो तर न्हाणीघराचं दार उघडं होतं. बेसिनच्या बाजूला काका उभे होते आणि त्यांच्या छातीशी एक भलामोठा आरसा होता. कुठून आणला, कधी आणला, मला माहीत नाही. दोन्ही हातांनी त्यांनी तो कडेनं धरला होता. आरशाच्या वर काकांचं तोंड, खाली काकांचे पाय, आणि मध्ये, जिथं त्यांची छाती असायची तिथं, काकू. त्यांनी केस मोकळे सोडले होते आणि दोन्ही हातांनी त्यांचे पेड घालत होत्या.

"जरा खाली घ्या. हां. आता हालवू नका."

"मी कुठं हालवतोय?"

"आवं, तुमी श्वास घेतला की आरसा हालतोय."

"मग श्वास घेऊ नगं व्हय?"

"घ्या की. हळू घ्या."

काकांनी हळू श्वास घेतला. त्यांच्या हातांना थोडा कंप होता, वयाचा. आरसा डावीकडं गेला की काकूंची मान डावीकडं जायची, उजवीकडं आला की उजवीकडं, आणि बोटं आपलं काम करत राहायची. मला कॉलेजला उशीर होत होता. मी जिन्यात तसाच उभा राहिलो.

मी ती खोली सोडून आता काही काळ झाला. साताऱ्याला गेलो की त्यांच्याकडं एक मुक्काम करतो. आरसा अजून भिंतीवर गेलेला नाही. घोंगडीत गुंडाळून कॉटखाली आडवा असतो आणि सकाळी बाहेर येतो. काकांना आता फार वेळ उभं राहवत नाही, ते स्टुलावर बसून तो धरतात. काकूंची वेणीही लवकर होते. मधल्या आजारपणात त्यांचे केस बरेच गेले. जे उरलेत त्यांना दोन्ही हात लागतही नाहीत. शेवटची गाठ मारून त्या पदर सारखा करतात आणि म्हणतात, "झालं. ठेवा आता."

काका ठेवत नाहीत. आरशाच्या वरून त्यांचं तोंड तेवढं दिसत असतं.

"बघ की अजून जरा," ते म्हणतात.